जात्यावरची ओव्ही

प्रत्येक घराण्यात 'लायटीतलं कळणारा' एक माणूस असतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं. कधीतरी लग्नघरी ऐन जेवणाच्या वेळी फ्यूज उडतो, वायरमन पहिल्या पंगतीला बसलेला असतो, हा उठून तार पिळतो, दिवे लागतात. आणि तेव्हापासून चुलत, मावस, आते अशा सगळ्या बाजूंनी त्याला फोन यायला लागतात. आमच्याकडे तो मी. नोकरी विम्याच्या ऑफिसात हिशेब तपासण्याची केली, पण खिशाला पेनाशेजारी टेस्टर कायम. पंखा रेंगाळतोय म्हणजे कंडेन्सर बदला, ट्यूब फडफडतेय म्हणजे स्टार्टर फिरवून बघा, ही सगळी विद्या मला येत होती आणि ती खरी होती. ती खरी होती, तिथेच सगळा घोटाळा झाला.

निवृत्तीनंतर सासऱ्यांची पंचवटीतली गिरणी माझ्याकडे आली. म्हणजे कागदोपत्री हिच्याकडे आली. ही त्या गिरणीच्या ओट्यावर पाढे पाठ करत वाढलेली. पलीकडच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून दगडाला टाकी लावायला झाली की नाही ते सांगते. पण मशिनरीचा विषय निघाला की घरातले सगळे माझ्याकडे बघतात. निदान मला तसं वाटायचं.

मोटर 10 हॉर्सपॉवरची. चालताना ती 14-15 अँपिअर घेते, पण जुन्या स्टार्टरवर थेट सुरू होताना पहिल्या काही क्षणांत त्याच्या सहापट-सातपट करंट ओढायची. पट्टा किंचाळायचा, आणि समोरच्या वाड्यातल्या काकू गॅलरीत येऊन म्हणायच्या, "अहो, तुमची चक्की लागली की आमचे दिवे डोळे मिटतात." यावर उपाय व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, हे मी कुठेतरी वाचलं. मोटर शून्यापासून हळूहळू वेग घेते, हवा तो वेग ठेवता येतो आणि वीजही वाचते. वेग 20 टक्क्यांनी कमी केला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते, असं त्यात छापलं होतं. मी कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं: 0.8 गुणिले 0.8 गुणिले 0.8, बरोबर 0.512. हिशेब तपासण्यात जन्म गेलेला माणूस. गुणाकार चुकणं शक्य नव्हतं.

आता नाशिक हे काही विजेच्या बाबतीत अडाणी गाव नाही. बाहेरच्यांना इथली द्राक्षं दिसतात, पण अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत एबीबी, श्नायडर, सीजी यांच्या कारखान्यांत स्विचगिअर तयार होतं आणि त्यांच्या आजूबाजूला पॅनेल बनवणारे छोटे शेड चिकार आहेत. अशाच एका शेडमध्ये माझा सख्खा भाचा दिवसभर ड्राइव्हच्याच पॅनेलची जोडणी करतो. त्याला एक फोन करायचा, इतकंच. पण त्याला लहानपणी फ्यूजची तार पिळायला मी शिकवलेलं. मामाने भाच्याला विचारायचं म्हणजे काय? मी ड्राइव्ह आणला आणि जोडला.

जोडला म्हणजे, स्टार्टर काढून त्याच्या जागी ड्राइव्ह बसवला आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. त्या बाकीच्या सगळ्यात मोटरला जोडलेला कपॅसिटरही होता. हिरवं बटण दाबलं. मोटरने एक हुंकार दिला, ड्राइव्हवर 'ओसी' अशी अक्षरं लुकलुकली आणि सगळं ठप्प. ओव्हर करंट. मी रिसेट दाबलं. पुन्हा हुंकार, पुन्हा ओसी. गल्लीतला मिस्त्री दळण घ्यायला आला होता. तो म्हणाला, "दादा, तो कपॅसिटर काढून बघा ना." मी त्याला पॉवर फॅक्टर म्हणजे काय आणि कपॅसिटरने तो कसा सुधारतो हे नीट समजावून सांगितलं. त्याने पीठ घेतलं आणि गेला. रात्री शटर ओढून मी कपॅसिटर काढला, आणि सकाळी मिस्त्रीला सांगितलं की एक पॅरामीटर बदलावा लागला.

कपॅसिटरबद्दल मी बोललो ते सरळ लायनीला अगदी बरोबर आहे. पण ड्राइव्ह लायनीची वीज तशीच पुढे देत नाही. आलेल्या 415 व्होल्टची तो आधी डीसी करतो, ती पोटातल्या मोठ्या कपॅसिटरांत साठवतो आणि मग आयजीबीटी नावाच्या स्विचांनी सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडून मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वीज बनवतो. या तुकड्यांच्या वाटेत बाहेरचा कपॅसिटर आला, तर तो प्रत्येक तुकड्याला शॉर्ट सर्किटसारखा करंट ओढतो. आयजीबीटी घडवणारे बी. जयंत बालिगा यांना 2024 साली फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. त्यांनी अमेरिकेत बसून घडवलेली ती वस्तू मी पंचवटीत पहिल्याच सकाळी अर्ध्या तासात मारायला निघालो होतो. ती वाचली ती ओसीच्या ट्रिपमुळे. आणि त्या ट्रिपला मी 'हा पीस डिफेक्टिव्ह दिसतोय' म्हणालो होतो.

मग चक्की चालली. सुरेख चालली. वाड्यातले दिवे हलले नाहीत, पट्टा किंचाळला नाही, आणि मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. माझी तक्रार एकच होती. लाल बटण दाबल्यावर दगड आरामात घरंगळत थांबायचा आणि तोवर गिऱ्हाईक डबा पुढे करून उभं. ड्राइव्हमध्ये थांबण्याची वेळ ठरवता येते. मी ती तीन सेकंद केली.

त्यानंतर बटण दाबलं की दगड दबकायचा, मग मोकळा सुटून फिरत राहायचा आणि पडद्यावर 'ओव्ही' यायचं. शेजारच्या आजी चष्मा सरकवत वाकल्या. "काय लिहिलंय रे त्यावर?"

"ओव्ही, आजी."

"बरं केलंस. आम्ही जात्यावर बसलो की म्हणायचो. आता मशीन म्हणतंय."

ही ओव्ही ओव्हरव्होल्टेजची. माझी समजूत अशी की व्होल्टेज जास्त आलं, म्हणजे ते वीजवाल्यांकडूनच आलं. मी टेस्टर लावून लायनीला दोष दिला, समोरच्या वाड्याच्या सोलर पॅनेलांना दिला, कुंभमेळ्याच्या कामांनाही दिला. प्रत्यक्षात ती वीज माझ्याच दगडाची होती. दोनेक मण वजनाचा फिरता दगड तीन सेकंदांत थांबवायला सांगितला की तो मोटरला ढकलायला लागतो, मोटर जनरेटर होते आणि वीज उलटी ड्राइव्हच्या पोटात येते. ती परत लायनीत जाऊ शकत नाही, कारण साध्या ड्राइव्हच्या दारातले डायोड एकाच दिशेने उघडतात. मग पोटातलं व्होल्टेज चढत जातं.

नाशिककराला हे गोदेच्या पुरावरून चटकन कळेल. पूर किती आला हे आपण फुटांत विचारत नाही. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, ते विचारतो. ड्राइव्हच्या डीसी बसला 415 व्होल्टच्या लायनीवर साधारण 587 व्होल्ट असतात. तिथे मारुतीचे पाय ओले. 700 च्या पुढे कमरेला. 800 च्या आसपास गळ्याशी, आणि तिथे ड्राइव्ह हात वर करून मोटर सोडून देतो, कारण त्याच्यावर गेलं तर कपॅसिटर आणि आयजीबीटी दोन्ही वाहून जातील. यावर उपाय दोन. एक म्हणजे पाणी हळू येऊ द्यायचं, थांबण्याची वेळ वाढवायची. दुसरा म्हणजे गंगापूर धरणासारखा विसर्ग करायचा: ब्रेकिंग रेझिस्टर लावला की पाणी कमरेच्या वर चढताच एक दार उघडतं आणि जादा वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते.

मी तिसरा उपाय केला. मॅन्युअल चाळताना 'ऑटो रिसेट' दिसलं. ते चालू केलं, की ट्रिप झाल्यावर काही सेकंदांनी फॉल्ट आपोआप पुसला जातो. दगड मोकळा फिरून थांबेपर्यंत पडदा स्वच्छ. ओव्ही गेली. हिने आतून विचारलं, "थांबताना गचका का देतोय तो?" मी म्हणालो, "नवीन आहे, रुळेल."

मार्च सरला. उन्हाळ्याबरोबर 'ओएच' आलं, ओव्हरहीट. ड्राइव्ह तापतोय म्हणजे त्याला हवा हवी, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. मी घरातला टेबलफॅन आणून थेट त्याच्या तोंडावर लावला. गिरणीत हवा म्हणजे निम्मं पीठच. ड्राइव्हचा स्वतःचा छोटा पंखा जेवढं पीठ आत ओढत होता, त्याच्या कितीतरी पट आता टेबलफॅन आत कोंबू लागला. ओएच दुप्पट वेगाने यायला लागलं. मी टेबलफॅन तीन नंबरवर केला.

मे महिन्यात पापडाच्या उडदाचे डबे ओट्यावर रांगेने लागलेले, आणि एका संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून आलं. अशा वेळी काय करायचं हे मला पाठ होतं. टीव्हीची पिन काढली, फ्रिजची काढली, मोबाइलचे चार्जर काढले, शेजाऱ्यांना गॅलरीतून ओरडून सांगितलं. ही म्हणाली, "खाली गिरणीचं?"

"ड्राइव्ह बंद केलाय. आणि वर नवा एमसीबी आहे."

लाल बटणाने मोटर थांबते, ड्राइव्ह नाही. त्याचा पडदा तेवत असतो, कारण लायन आत शिरलेलीच असते. आणि एमसीबी! त्या एमसीबीवर माझा किती विश्वास होता. तो जास्त करंटसाठी आहे. त्यातली पट्टी तापून वाकते किंवा चुंबक कडी ओढतो, आणि याला काही मिलिसेकंद तरी लागतात. जवळपास वीज पडल्यावर तारांतून धावणारी लाट मायक्रोसेकंदांत येऊन काम उरकून जाते. प्रयोगशाळेत अशी लाट बनवतात ती 8 मायक्रोसेकंदांत शिखर गाठते आणि 20 मध्ये निम्म्यावर येते. एमसीबीला पत्ता लागेपर्यंत तेरावं उरकलेलं असतं.

गडगडाट झाला, खालून फटाक्याच्या लडीतला एकच फटाका फुटावा तसा आवाज आला आणि जळक्या वासासोबत भाजलेल्या पिठाचाही वास जिन्याने वर आला. आता भाच्याला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो मी केला नाही. तो हिने केला.

भाचा सकाळीच आला. मी त्याच्याआधी मेन स्विच पाडला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन झाकण काढायला पुढे झालो. त्याने माझं मनगट धरलं. "मामा, पाच मिनिटं. पोटात चार्ज राहिलेला असतो. झाकणावरच लिहिलंय." लिहिलेलं होतं. पिवळ्या त्रिकोणाशेजारी, माझ्या टेबलफॅनच्या तोंडासमोर. मग त्याने मीटर लावून डीसी बसचा आकडा खरोखरच खाली आलाय याची खात्री केली आणि मगच झाकण उचललं.

आत उजव्या कोपऱ्यात डाळीएवढी निळी चकती काळी पडून दुभंगलेली. ती एमओव्ही, लाट आली की स्वतःवर घेणारी. एवढ्या मोठ्या लाटेला ती एकटी पडली होती. तिच्यामागे डायोडचं मॉड्यूल फुटलेलं. आणि या सगळ्यावर, हीटसिंकच्या पट्ट्यापट्ट्यांत, गव्हाचं पीठ. कोरडं असतं तर झटकलं असतं; दमट हवेत त्याची लेई होऊन सर्किट बोर्डवर चिकटली होती. भाच्याने नखाने एक पापुद्रा उचलला आणि हिच्याकडे बघून म्हणाला, "मामी, यात दोन फुलके सहज."

मी म्हणालो, "ते असू दे. गॅरंटीत आहे. जास्त व्होल्टेज आलं, आपला काय दोष?"

भाच्याने बॅगेतून छोटा पुरवठा काढून कंट्रोल कार्डाला 24 व्होल्ट दिले. मेलेल्या ड्राइव्हचा पडदा उजळला. ड्राइव्ह आपले शेवटचे फॉल्ट लक्षात ठेवतो, त्या वेळी डीसी बसवर किती व्होल्ट होते, करंट किती होता, किती तास चालला होता, यासकट, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाचा एकेक नोंद मोठ्याने वाचत गेला. ओव्हरव्होल्टेज, थांबताना. ओव्हरव्होल्टेज, थांबताना. ओव्हरहीट. ओव्हरव्होल्टेज, थांबताना. ओव्हरहीट. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या मी याच आवाजात वाचल्या होत्या. शेवटी पॅरामीटरची यादी आली. "थांबायची वेळ तीन सेकंद? मामा, ती चक्की आहे, स्कूटर नाही. आणि ऑटो रिसेट कोणी चालू केलं?"

ही म्हणाली, "मी विचारलं होतं, गचका का देतोय म्हणून." त्यानंतर गॅरंटीचा विषय निघाला नाही.

नव्या ड्राइव्हची जोडणी भाच्याने केली आणि मी बॅटरी धरून उभा राहिलो. लायनीच्या तोंडाशी त्याने एसपीडी बसवला. लाट आली की हा क्षणार्धात जमिनीकडे वाट करून देतो. त्याची तार मात्र अर्ध्या मीटरच्या आत हवी, नाहीतर लाट तारेतच अडते. जमीन म्हटल्यावर त्याने विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठाय?" कोळसा-मीठ भरलेला तो खड्डा सासरे उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घालून जपायचे. मी त्यावर गिऱ्हाइकांना उभं राहायला छान फरशी बसवून घेतली होती. मिस्त्रीला बोलावून फरशी फोडली. मीटरवर आलेला आकडा भाच्याने मला दाखवला नाही. मिस्त्रीला दाखवला, आणि ते दोघे बराच वेळ शांत होते.

मग लायनीच्या बाजूला चोक, म्हणजे छोट्या झटक्यांची धार बोथट होते. ब्रेकिंग रेझिस्टर, आणि थांबायची वेळ चांगली ऐसपैस. पिठासाठी मी एक तोडगा सुचवला, की ड्राइव्ह वर माझ्या खोलीत पलंगाशेजारी लावू, केबल खाली सोडू. पीठही नाही आणि हाताशीही राहील. भाचा म्हणाला, तुकड्या-तुकड्यांची ही वीज लांब केबलमधून गेली की मोटरच्या टोकाला आपटून परत फिरते, आणि त्या आपटण्यात व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं. 587 चे हजाराच्या पुढे. सासऱ्यांच्या वेळच्या वाइंडिंगचं वार्निश ते किती दिवस सोसणार? ड्राइव्ह मोटरजवळच राहिला, पण बंद पेटीत, जाळीदार फिल्टर आणि स्वतंत्र पंख्यासकट.

जाता जाता मी हळूच कॅलेंडरचं गणित काढलं. खर्च झाला तो झाला, वीज तर निम्म्यावर येईल. भाच्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे बरोबर आहे मामा, पण पंख्याला आणि पाण्याच्या पंपाला. त्यांना हळू फिरवलं की भारच उतरतो. दगडाला गव्हाचा भार तेवढाच. हळू फिरवाल तर तेवढंच दळण जास्त वेळ चालेल." मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "पीठ कमी तापेल, हा फायदा आहे."

तो फायदा हिला आधीपासून ठाऊक होता. तिचे वडील पीठ हातावर घेऊन ऊन लागतंय का बघायचे. आता ती नाचणी, ज्वारी चाळीस हर्ट्झच्या आसपास चालवते, गहू पन्नासला. जाडबारीक ठरतं ते दोन दगडांतल्या फटीवर, हेही तिनेच मला सांगितलं. मी ते वेगावर ठरतं असं गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. गल्लीतल्या बायका हल्ली डबा ठेवतानाच म्हणतात, "ताई, बेचाळीसवर घ्या हं," आणि मला बाजूला सरकायला सांगतात.

भाच्याने शेवटचं एक संरक्षण बसवलं. सगळे पॅरामीटर कुलूपबंद केले आणि त्याचा पासवर्ड मामीच्या कानात सांगितला. मी तो शोधायला सासऱ्यांच्या जन्मसालापासून लग्नाच्या तारखेपर्यंत सगळं घालून पाहिलं, तेव्हा पेटीवर एक सूचना चिकटवली गेली. माझ्याकडे खातं दिलंय ते फिल्टरचं. रोज संध्याकाळी जाळी काढायची, ओट्याच्या कडेला आपटून पीठ झटकायचं, परत बसवायची. त्याला पासवर्ड लागत नाही.